पहिले कॉइलओव्हर घेताना

भाऊ, कॉइलओव्हर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग बसवलेला सेट. तोरणमाळचा घाट आणि सातपुड्यातल्या दगडी वाटा एवढंच करायचं असेल, तर रिमोट रिझर्व्हायर (शॉकची वेगळी जोडटाकी), बायपास (तेलासाठी जादा वाटा असलेला शॉक) वगैरे आत्ता सोडा. आधी गाडीचं वजन करा, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), बंपर, कॅरिअर, माणसं धरून, पुढचं-मागचं वेगळं. स्प्रिंग त्यावरूनच ठरते. नेमकं हेच टाळून लोक मऊ स्प्रिंग घेतात आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी रिंग) आवळत बसतात. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी उचलली जाते. मग चाकाला खाली जायला जागा उरत नाही, शॉक टोकाला आपटतो आणि सील जातं.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात शॉकमधलं तेल आधीच तापलेलं. मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉक ट्विन-ट्यूबपेक्षा (नळीत नळी असलेल्यापेक्षा) लवकर थंड होतो. मात्र त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकतो, हेही खरं.

दुकानात विचारा:
- उघडून दुरुस्त होतो का? सील किट मिळतं का? नसेल तर स्वस्त शॉकही महागच.
- टोकांना रबर बुश आहे का? धुळीत गोल जॉइंट लवकर खडखडतात.

लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) २ इंचांपर्यंतच. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळून फाटतं. चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी. आणि काळ्या मातीचा चिखल शॉकच्या रॉडवर वाळू देऊ नका.