आद्य संस्कृतींचा अभ्यास वजनांपासून सुरू करावा

नव्याने अभ्यासाला लागताना शहरे, लिपी, राजसत्ता, भव्य वास्तू अशी लक्षणांची यादी पाठ करण्याऐवजी तुम्ही हडप्पा संस्कृतीतील एखादी लहान वस्तू निरखून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवेन. चर्ट दगडाची घनाकृती वजने घ्या: सुमारे १३.७ ग्रॅमचे एकक हडप्पापासून लोथलपर्यंत, शेकडो किलोमीटरच्या अंतरावर, सारखेच आढळते आणि विटांच्या जाडी, रुंदी आणि लांबीचे १:२:४ हे प्रमाणही बहुतेक ठिकाणी तेच दिसते. ही शिस्त कोणी टिकवली, हा मला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो, कारण तेथे निर्विवाद म्हणता येईल असा राजवाडा किंवा राजाचे दफन सापडलेले नाही. हडप्पा लिपीचे वाचन अद्याप झालेले नसल्यामुळे तुलनेसाठी मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवरील धान्याचे हिशेबही सोबत अभ्यासावेत. प्रवरेकाठचे दायमाबाद हे स्थळ मात्र उत्तर हडप्पा, म्हणजे या संस्कृतीच्या अखेरच्या, काळाच्या अभ्यासासाठी राखून ठेवावे.