डॅशबोर्डच्या आधी रजिस्टर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. गोवंडीच्या सामाजिक संस्थेचं प्रोजेक्ट तुमच्या गटाला मिळालं, पहिल्याच मीटिंगमध्ये ते 'डॅशबोर्ड हवा', म्हणजे सगळे आकडे एका स्क्रीनवर दिसायला हवेत, म्हणाले आणि तुम्ही 'हो' म्हणून मोकळे झालात. आता विचारतेस, कुठलं सॉफ्टवेअर वापरू. ते मला विचारू नकोस. तुझ्या गटातलं कुणीही माझ्यापेक्षा बरं सांगेल.

माझं एमबीएचं प्रोजेक्ट परळच्या बाजूला एका ट्रस्टसाठी होतं. बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना शिधा, औषधं, राहायची सोय असं त्यांचं काम. आम्ही चौघांनी चार महिने खपून एक्सेलची फाईल केली. बटण दाबलं की महिन्याचा अहवाल तयार. सादरीकरणाला टाळ्या पडल्या, ग्रेडही चांगली मिळाली. सहा महिन्यांनी सहज डोकावलो, तर कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर शिध्याच्या पिशव्या आणि शेजारी ट्रस्टचे नोंदी ठेवणारे काका जाड वहीत नोंदी करत बसलेले. फाईलचा पासवर्ड माझ्याकडेच राहिला होता. काका एका शब्दानं बोलले नाहीत, उलट चहा मागवला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

म्हणून म्हणतो, संचालकांशी बोलून झालं असेल तर आता रोजच्या नोंदी करणारी ताई शोध. तिच्या शेजारी एक अख्खी दुपार बस. चेंबूरच्या एका बालवाडीत मी हजेरीचं रजिस्टर पाहिलं होतं. काही नावांपुढे 'ग', काहींपुढे 'गा'. मला वाटलं, घाईत काना राहिला असेल. बाई म्हणाल्या, "'ग' म्हणजे गैरहजर, 'गा' म्हणजे गावाला गेलाय. तो परत येतो." आम्ही दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं असतं, तर जूनमध्ये अर्धी बालवाडी 'गळती' म्हणून लाल रंगात झळकली असती.

मग त्यांना डॅशबोर्ड कशाला हवाय? बहुतेक वेळा देणगीदारासाठी. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्या पैशाचा हिशेब कंपनी आपल्या नमुन्यात मागते आणि संस्था तुमच्याकडे वळते. यात गैर काही नाही. पण 'हे बघणार कोण?' एवढं सरळ विचारून घे. देणगीदाराला तिमाहीचा आकडा पुरतो. ताईला उद्या कुणाच्या घरी जायचं ते कळायला हवं. एकाच स्क्रीनवर दोघांची सोय करायला गेलात तर ताईचीच गैरसोय होणार.

तुमच्या शेजारच्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची (टिस) गोष्ट या निमित्तानं आठवली. १९३६ साली ती सुरू झाली तेव्हा नागपाड्यात, नेबरहूड हाऊसमध्ये भरायची. वस्तीतलं काम तिथे आधीच चालू होतं, वर्ग मागाहून आले. देवनारला ती १९५४ मध्ये गेली. शिकता शिकता खऱ्या संस्थेसाठी काम करायचं, याला आपल्या मॅनेजमेंटवाल्यांनी 'लाइव्ह प्रोजेक्ट' हा शब्द काढला, म्हणून तो आपला शोध समजू नये!

काय करणार आणि काय करणार नाही, हे एका पानावर लिहून संस्थेची आणि गाइडची सही घे. 'करणार नाही' हा भाग जास्त महत्त्वाचा. नोव्हेंबरात कुणीतरी 'जरा वेबसाइटपण करून द्या ना' म्हणेलच. गणपतीचे दिवस वेळापत्रकातून आत्ताच वजा कर. रविवारी हार्बरचा मेगाब्लॉक बघून निघ. आणि नळाला पाणी येण्याच्या वेळी सर्वेक्षणाला जाऊ नकोस. हंडे भरायचे सोडून तुझ्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार?

शेवटचा महिना कोडिंगला नको, शिकवायला ठेव. ताईनं तुझ्या मदतीशिवाय दोन आठवडे नोंदी केल्या, तर काम झालं असं मी मानीन. पासवर्ड तिच्या वहीत लिहून दे. सुरक्षिततेच्या नावानं तुझे मित्र नाकं मुरडतील, मुरडू देत. वही कुलपात राहील एवढं मात्र बघ.

शनिवारी जाशील तेव्हा रजिस्टरचा फोटो पाठव. नको, थांब, फोटो नकोच. त्यात मुलांची नावं असणार. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. नुसते रकाने हातानं कागदावर उतरवून आण. समासात काही खुणा असतील तर त्याही.

तुझा,
सर