जाडजूड नको म्हणालात, तरी हे वाचा

प्रश्न : ताई, मी निवृत्त बँक अधिकारी. मुलगा टेक्ससमध्ये असतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ट्रम्प यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत आवाज चढतात. मी जुन्या वळणाचा माणूस. कर कमी असावेत, सरकारनं घरात डोकावू नये, देवाधर्माचा मान राहावा, असं मानणारा. पण ६ जानेवारी २०२१ला अमेरिकी संसदेत घुसलेला जमाव पाहून पोटात गोळा आला होता. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही डाव्यांचंच वाचता." तर डाव्यांची नसलेली पुस्तकं सुचवा. फार जाडजूड नकोत.
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : तुमचं पत्र मला माझंच वाटलं. ओहायोत, डेटनजवळ, मी २६ वर्षं हिशेबनिशी केली. नागरिक झाल्यावर पहिलं मत २००४ साली रिपब्लिकन पक्षाच्या धाकट्या बुश यांना दिलं. आमचे हे डेमोक्रॅट. मतदानाला एकाच गाडीतून जायचो आणि एकमेकांचं मत फुकट घालवून परत यायचो.

सुरुवात टिम अल्बर्टा यांच्या 'द किंगडम, द पॉवर अँड द ग्लोरी' (२०२३) या पुस्तकापासून करा. जाडच आहे, माफ करा. लेखक पत्रकार, मिशिगनमधल्या पाद्र्यांचा मुलगा आणि स्वतः श्रद्धाळू. २०१९ साली वडील गेले. त्यांच्याच चर्चमध्ये भेटायला आलेल्यांपैकी काहींनी सांत्वन करायचं सोडून याला ट्रम्प यांच्याविरुद्ध लिहितोस म्हणून सुनावलं. मयताच्या वेळी! तिथून हा माणूस गावोगावच्या चर्चमध्ये हिंडतो, लोकांशी बोलतो. राग आहे, पण आपल्या माणसांवर असतो तसा. मी दोनदा वाचलं.

मग लिझ चेनींचं 'ओथ अँड ऑनर' (२०२३). या काही डाव्या नव्हेत. त्यांचे वडील डिक चेनी हे धाकट्या बुश यांचे उपाध्यक्ष, आणि ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत बाईंनी बहुतेक मतं त्यांच्याच बाजूनं टाकलेली. ६ जानेवारीनंतर त्यांनी महाभियोगाला पाठिंबा दिला आणि चौकशी समितीचं उपाध्यक्षपद घेतलं. वायोमिंगमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत २०२० साली त्यांना ७३ टक्के मतं होती, २०२२ साली जेमतेम २९. पुस्तकात स्वतःची बाजू थोडी जास्तच उजळ दिसते, तेवढं वजा करा. दंगलीतल्या आरोपींचं पुढे काय झालं, ते मात्र या पुस्तकात सापडणार नाही. २० जानेवारी २०२५ला ट्रम्प यांनी पुन्हा शपथ घेतली आणि त्याच दिवशी सुमारे दीड हजार जणांना माफी देऊन टाकली. 'कायदा आणि सुव्यवस्था' म्हणत आयुष्यभर मत दिलेल्या माझ्यासारखीला ते अजून गिळता आलेलं नाही.

'हिलबिली एलेजी' (२०१६) मुलानं वाचलं असेलच. लेखक जे. डी. व्हान्स, म्हणजे पुढे ट्रम्प यांचे उपाध्यक्ष झालेले, यांचं मिडलटाउन आमच्यापासून फार लांब नाही. तिथला पोलाद कारखाना आणि त्यावर जगलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तो भाग खरा आहे, लिहिलाही छान आहे. पण वाचताना प्रकाशनाचं साल मनात ठेवा. तेव्हा हेच गृहस्थ ट्रम्प यांचे कडवे टीकाकार होते.

हे सगळं ट्रम्प यांच्यापासून सुरू झालं, असं तुम्हाला किंवा मुलाला वाटत असेल तर मॅथ्यू कॉन्टिनेटींचं 'द राइट' (२०२२) आहे. अमेरिकेतल्या उजव्यांचा शंभर वर्षांचा इतिहास. रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर हे कम्युनिस्टांचे हस्तक, असं म्हणणाऱ्या जॉन बर्च सोसायटी या कडव्या उजव्या संघटनेच्या रॉबर्ट वेल्च यांना संपादक विल्यम बकली यांनी १९६२ साली 'नॅशनल रिव्ह्यू' या आपल्या उजव्या विचारांच्या नियतकालिकातून फटकारलं. त्याचं कौतुक आम्ही मंडळी फार करतो. त्याच अंकांची थोडी मागची पानं उलटली तर १९५७ साली तिथं दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्चस्वाची पाठराखण छापलेली सापडते, ते सांगताना आमचा आवाज बारीक होतो.

बारीक पुस्तकच हवं, तर ॲरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांचं 'द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह' (१९६०). तुमच्या मनातलं बरंच त्यात सापडेल. ॲरिझोनाचेच सिनेटर जेफ फ्लेक यांनी २०१७ साली मुद्दाम तेच नाव घेऊन ट्रम्प यांच्याविरुद्ध पुस्तक काढलं आणि तीन महिन्यांच्या आतच पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. दोन्ही लागोपाठ वाचा.

एक करा. मुलाला यादी पाठवण्याआधी, तुम्ही वाचावं असं एक पुस्तक त्याला विचारा आणि ते पहिलं संपवा. आमच्या घरी हीच बोली होती. यांच्यामुळे मी बरंच नावडतं वाचलं.

गोल्डवॉटर माझ्याकडे आहेत. डेटनच्या लायब्ररीनं जुनी पुस्तकं काढली, तेव्हा एका डॉलरला घेतलेली प्रत. कुणीतरी पेन्सिलीनं जागोजागी 'नाही!' असं लिहून ठेवलंय. संपादकांकडे पत्ता कळवा, टपालानं पाठवते. परत मात्र करा.