कठडा चढणारं लेकरू आणि जमिनीवरची गादी

प्रश्न : मावशी, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, पायाला भिंगरी लावलेला. परवा रात्री क्रिबचा कठडा चढून धपकन खाली पडला. लागलं नाही, पण माझी झोप उडाली. नवरा म्हणतो, वरून जाळी लावू. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा लेकराला वेगळं कशाला, कुशीत घे. मला सातवा महिना आहे आणि क्रिब बाळाला लागणार. काय करू?
— ठाण्याची एक आई

उत्तर : अगं, जाळीचा विचार आधी सोडून द्या. कठडा चढणारा मुलगा जाळीलाही हात घालणार, आणि त्यात मान अडकली तर धडपडण्यापेक्षा ते फार वाईट. मुलाची उंची 35 इंच झाली किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीशी येऊ लागला, की क्रिब बंद करायचं. तुझा तर चढायलाच लागलाय, म्हणजे आता थांबायचं नाही.

पलंग विकत घ्यायची घाई मात्र करू नकोस. जाड, घट्ट गादी सरळ जमिनीवर घाल. लोळत खाली आला तरी काही बिघडत नाही. गादी आणि भिंत यांच्यात फट ठेवू नकोस, त्यात मूल अडकतं.

खरं काम खोलीचं आहे, कारण रात्री उठून तो कुठेही जाईल. सातव्या महिन्यात तू वाकू नकोस, नवऱ्याला गुडघ्यांवर बसून पोराच्या उंचीवरून खोली बघायला सांग. ड्रॉवरचं कपाट तो पायऱ्यांसारखं चढेल, ते भिंतीला स्क्रूने पक्कं करा. खिडकीखाली स्टूल नको, ग्रिल असली तरी नको. बाल्कनीला वरची कडी. आणि रात्री बाथरूममधली बादली रिकामी करायची, म्हणजे करायचीच. दाराला बाहेरून कडी लावू नका, त्यापेक्षा छोटं गेट बसवा.

पहिले काही दिवस तो पुन्हा पुन्हा उठून येईल, हसत येईल, त्याला खेळच वाटेल. दरवेळी हात धरून न्यायचं, ‘झोपायची वेळ झाली’ एवढंच म्हणायचं आणि आडवं करायचं. रागवायचं नाही, नवी गोष्ट नाही, पाण्यावरून वाटाघाटी नाहीत. हे काम नवऱ्याचं, तुझं नाही. एक रात्र कंटाळून जवळ घेतलं की दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या दुप्पट जोमाने येतो. या वयाला दुपार धरून 11 ते 14 तास झोप लागते, पण दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबू देऊ नकोस. उजेड आहे तोवर खाली खेळायला न्या.

क्रिब आजच आवरून नजरेआड ठेव. त्याच्या डोळ्यांदेखत बाळाला दिलंस तर आपली जागा काढून घेतली असं त्याला वाटेल. मधे दोन महिने गेले की तो ते विसरतो. म्हणूनच या आठवड्यात सुरू कर.

सासूबाईंशी वाद घालू नकोस गं. त्यांची माया खरी आहे, तिला जागा दे. रोज रात्री त्यांनीच गादीशेजारी बसून एक गोष्ट सांगायची आणि थोपटायचं. तू दवाखान्यात असशील तेव्हाही तीच गादी, तीच चादर आणि आजीची तीच गोष्ट त्याच्याजवळ असेल.