शेणाची पीसीआर पॉझिटिव्ह, रक्ताची एलायझा निगेटिव्ह : गाईला जोन्स रोग आहे की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : साडेचार वर्षांची एचएफ संकरित गाय, दुसऱ्या वेतानंतर तीन महिने झाले पातळ हगते आहे. वैरण नीट खाते, तरी बरगड्या दिसायला लागल्या आणि दूध निम्म्यावर आलं. जंताचं औषध दोनदा झालं, अँटिबायोटिकही झालं. औषध सुरू असेपर्यंत शेण घट्ट, बंद केलं की पुन्हा तेच. शेणाच्या पीसीआरचा (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट 'आयएस ९०० पॉझिटिव्ह' आणि रक्ताची एलायझा (जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) निगेटिव्ह. खरं कोणतं मानायचं, गाय काढून टाकायची का, आणि आयएस ९०० हा रोग घडवणारा जीन आहे का, हे तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे, नोकरीची बहुतेक वर्षं रोगनिदान प्रयोगशाळेत गेली. दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात. पण तेवढ्यावर गाय विकू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी जीनचं. जोन्स रोग म्हणजे आतडं जाड करून गाईला हळूहळू खंगवणारा आजार. त्याचा जंतू क्षयरोगाच्या जंतूचा चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलॉसिस. आयएस ९०० हा त्याच्या डीएनएमधला एक तुकडा आहे, जो स्वतःच्या प्रती करून जागोजागी जाऊन बसतो. १९८९ मध्ये तो सापडला. ज्या के-१० जातीचा पूर्ण जीनोम २००५ मध्ये वाचला गेला, तिच्यात याच्या १७ प्रती आहेत. एका जंतूत सतरा ठिकाणी एकच खूण, म्हणून शेणात थोडे जंतू असले तरी पीसीआरला ती सापडते. पण ती फक्त ओळखीची खूण आहे, तिच्यामुळे आतडं जाड होत नाही. त्यातून मातीतल्या काही निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांमध्येही तिच्यासारखे तुकडे आढळलेत. म्हणून चांगली प्रयोगशाळा एफ ५७ किंवा आयएसमॅप ०२ यांसारखी दुसरी खूणही तपासते. तुमच्या रिपोर्टवर ती नसेल, तर मागा.

रोग घडवणारे जीन वेगळेच. वासराच्या पोटात शेणाने बरबटलेल्या सडावरून हा जंतू जातो, तेव्हा तो आपल्या अंगावरच्या एका प्रथिनाने वासराच्या शरीरातल्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला धरतो आणि त्याच्या आधाराने लहान आतड्याच्या अस्तरातल्या, जंतू आत घेणाऱ्या एम पेशींना चिकटतो. आत शिरला की भक्षक पेशी त्याला गिळते. एरवी गिळलेल्या जंतूच्या पिशवीत आम्ल भरतं आणि जंतू मरतो. हा मात्र पीटीपीए नावाचं प्रथिन त्या पेशीत सोडतो. क्षयाच्या जंतूत याच प्रथिनाने आम्ल भरण्याची क्रिया अडते, हे नीट उलगडलेलं आहे. मारायला आलेल्या पेशीतच तो वर्षानुवर्षं घर करून राहतो. त्याला आवरायला आणखी पेशी जमतात, आतड्याची भिंत त्या गर्दीने जाड होते, अन्नरस शोषला जात नाही आणि रक्तातलं प्रथिन शेणावाटे निघून जातं. पुढे काही गाईंच्या जबड्याखाली पाणी उतरतं ते त्यामुळेच.

मग रोगकारक जीनच का तपासत नाहीत? इथे जोन्स रोग इतर आजारांपेक्षा वेगळा पडतो. नवजात वासराच्या हगवणीत ई. कोलाय सापडला, तर त्याला काही अर्थ नाही, कारण तो निरोगी वासरातही असतो. के ९९ (आतड्याला चिकटायचं त्याचं हत्यार) आणि विषाचा जीन सापडला, तर निदान झालं. शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषारातही क्लॉस्ट्रिडियम कोणत्या विषाचा जीन बाळगतो त्यावरून त्याचा प्रकार ठरतो. जोन्सच्या जंतूकडे असं एखादं विष नाही. त्याची हत्यारं त्याच्या जवळपास प्रत्येक वंशात असतात. ती सापडली म्हणून गाय आजारी पडेल की दहा वर्षं ठणठणीत राहील, ते कळत नाही. ते ठरतं वासराला किती लहान वयात आणि किती जंतू मिळाले, आणि त्याच्या शरीराने किती काळ झुंज दिली त्यावर.

त्याच्या जीनमधली एक उणीव मात्र निदानाच्या फार कामी आली. १८९५ मध्ये ड्रेस्डेनला योने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी या रोगाचं आतडं तपासलं, जंतू दिसले, पण पुढे बरीच वर्षं ते कुणाला प्रयोगशाळेत वाढवता येईनात. (आपण ज्याला जोन्स म्हणतो, तो हा योने.) लंडनमध्ये ट्वॉर्टने १९१० च्या सुमारास टिमोथी गवतावरच्या जंतूचा अर्क माध्यमात घातला आणि वसाहती उगवल्या. लोह गोळा करायला लागणारं मायकोबॅक्टिन या जंतूला बनवता येत नाही, हे पुढे कळलं. जीनोम वाचल्यावर ते बनवणारा एक जीनच तोकडा असल्याचं दिसलं. म्हणून आजही कल्चर लावताना मायकोबॅक्टिन असलेलं आणि नसलेलं, अशी दोन माध्यमं शेजारी ठेवतात. पहिल्यात उगवलं आणि दुसऱ्यात नाही, तर जंतू हाच. अडचण एवढीच की उत्तर यायला आठ आठवड्यांपासून चार महिने लागतात.

आता एलायझा. जंतू पेशीच्या आत दडलेला असेपर्यंत शरीर पेशींच्या बळावर लढतं, प्रतिपिंडं फारशी बनत नाहीत. ती वाढतात ती उशिरा, लढाई हरत आल्यावर. तोवर गाय शेणातून जंतू टाकत असली तरी एलायझा निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून लक्षणं नसलेल्या गाईच्या निगेटिव्ह एलायझावर मी विसंबत नाही.

पण तुमच्या गाईला लक्षणं आहेत. तीन महिन्यांची हगवण खरोखर जोन्सची असेल, तर एलायझा बहुधा पॉझिटिव्ह यायला हवी, आणि शेणात जंतूंची रेलचेल हवी. म्हणून रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू बघा, म्हणजे खूण दिसेपर्यंत पीसीआरला किती फेऱ्या लागल्या तो आकडा. आकडा लहान असेल तर जंतू भरपूर. पस्तिशीच्या पुढे असेल, तर गाय कदाचित दुसऱ्या कुणाचे जंतू वैरणीतून गिळून नुसते पुढे टाकते आहे. अशा वेळी तिची हगवण वेगळ्या कारणाची असते, आणि जंतू टाकणारी गाय गोठ्यात दुसरीच असते.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. अकरा गाईंचा गोठा होता. खंगलेल्या एका गाईचा असाच क्षीण पॉझिटिव्ह रिपोर्ट माझ्या सहीने गेला, बरोबर एक ओळही स्पष्टीकरणाची नाही. मालकाने ती आठवडी बाजारात विकली. दीड वर्षात आणखी दोन गाई हगायला लागल्या, तेव्हा मी स्वतः जाऊन सगळ्यांचे नमुने घेतले. दावणीच्या टोकाला पाचव्या वेताची गाय उभी होती, गोठ्यातली सगळ्यात दुधाळ, शेण अगदी घट्ट. तिच्या गुदाशयाचं अस्तर हातमोजा घालून हलकं खरवडलं आणि काचपट्टी रंगवली. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी आखूड काड्यांचे, म्हणजे याच जंतूंचे, पुंजकेच्या पुंजके. तिला चीक भरपूर, म्हणून उरलेला चीक मालकीणबाई दुसऱ्या वासरांना पाजत असत. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. हगणाऱ्या दोघींपैकी एक मेली, तिचं शवविच्छेदन केलं. लहान आतड्याचा शेवटचा भाग रबरी नळीसारखा जाड, आतून मेंदूसारख्या वळ्या. बोटांनी ताणल्या तरी सपाट होईनात.

तेव्हा तुम्ही आता असं करा. पहिल्यांदा शेणात पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) आणि कॉक्सिडियाची (आतड्यातल्या एकपेशी परजीवींची) अंडी बघायला सांगा. साध्या जंतनाशकाने पोटातल्या पर्णकृमींना काही होत नाही, आणि ओढ्याकाठी चरणाऱ्या गाईची हगवण पुष्कळदा त्यांचीच असते. मग डॉक्टरांकडून गुदाशयाचा खरवडा घेऊन झील-नील्सन रंगाने तपासून घ्या. पुंजके दिसले की शंका उरत नाही. ते न दिसले म्हणून मात्र रोग नाही असं म्हणता येत नाही. पीसीआर महिन्याभराने पुन्हा करा, नमुना जमिनीवरून न उचलता थेट गुदाशयातून घ्या, आणि दुसरी खूण तपासायला सांगा. त्याच दिवशी गोठ्यातल्या सगळ्या मोठ्या गाईंचंही शेण पाठवा. गोठ्यात जोन्सची लस दिली असेल, तर एलायझाचा आणि क्षयाच्या कातडीतल्या चाचणीचाही अर्थ बदलतो. तेही आधी सांगा.

निदान पक्कं झालं तर औषध नाही, हे स्पष्टच सांगतो. त्या गाईवर आणखी पैसे घालू नका आणि तिला दुसऱ्याच्या दावणीलाही बांधू नका. विकत घेणाऱ्याच्या गोठ्यातही वासरं असतात. सावलीतल्या शेणात हा जंतू वर्षभर तग धरू शकतो, त्यामुळे तिचं शेण वासरांच्या वैरणीच्या रानात टाकू नका. पुढची वासरं जन्मताच वेगळ्या कोरड्या जागी घ्या आणि तपासलेल्या गाईचाच चीक पाजा.

तिच्या पहिल्या वेताची कालवड तुमच्याकडेच आहे असं लिहिलंय. तिचं शेण इतक्यात पाठवू नका. दोन वर्षांच्या आत जंतू सहसा सापडत नाही आणि निगेटिव्ह रिपोर्टने उगाच निर्धास्त व्हायला होतं. तिच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे वहीत उतरवा, पुढे आईचं नाव आणि निकाल लिहा, आणि ती पहिल्यांदा व्यायच्या दोन महिने आधी तपासा.