एरर ७९ आणि मराठी फाइलनावं

प्रश्न : क्लाउडवरच्या उबुंटू लिनक्समध्ये ऑफिसचा शेअर (नेटवर्कवरचा सामायिक फोल्डर) माउंट करताना, म्हणजे जोडताना, ‘एरर ७९’ येते. हवी ती शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) मिळत नाही, असा संदेश असतो. पासवर्ड बरोबर आहे, लायब्रऱ्या दोनदा टाकून पाहिल्या. असे शेअर जोडणारं सीआयएफएस हे मॉड्यूल कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चढवणारी ‘मॉडप्रोब सीआयएफएस’ ही आज्ञा बिनतक्रार चालते.

उत्तर : त्या संदेशाने मलाही एक अख्खा रविवार फिरवलंय. दोष लायब्ररीचा नाहीच. कर्नलचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही आज्ञा चालवून बघा, ‘आयओकॅरसेट यूटीएफ८ सापडला नाही’ अशा अर्थाची ओळ दिसेल. आयओकॅरसेट म्हणजे फाइलनावं कोणत्या अक्षरतक्त्याने दाखवायची ते सांगणारा माउंटचा पर्याय. अक्षरतक्त्याचं एनएलएस यूटीएफ८ हे मॉड्यूल सीआयएफएस ऐन माउंटच्या वेळी नावाने मागतं. अवलंबित्वांच्या यादीत ते नसतं, म्हणून मॉडप्रोब गप्प राहतं. क्लाउडसाठीच्या आटोपशीर कर्नलमध्ये ते बहुधा नसतं. ‘लिनक्स मॉड्यूल्स एक्स्ट्रा’ पॅकेज घ्या. नावापुढची आवृत्ती मात्र ‘यूनेम उणे आर’ ही आज्ञा चालू कर्नलची दाखवते तीच हवी, नाहीतर मॉड्यूल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसेल. कर्नल बदलला की पुन्हा तपासा.

आयओकॅरसेटचा पर्याय गाळून माउंट होईलही, पण तुमच्या ‘पगारपत्रक’ फाइलची नुसती प्रश्नचिन्हं होतील. मी करून बसलोय!