क्षारपड रानात हरभऱ्याला गाठी का धरत नाहीत

दादा, तुमचं रान शिरोळकडचं. उसाचा खोडवा मोडून हरभरा पेरला, बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू, चोळले, तरी चाळीस दिवसांत पीक पिवळं आणि मुळांवर गाठी नावालाच. आता जिवाणूंची पुन्हा आळवणी करू का, असं विचारलंय. नका करू. मी तीन हंगाम हेच करून पाहिलंय, पैसे पाण्यात गेले.

क्षारानं जिवाणू मरतात असा आपला समज असतो. पण बरेचसे रायझोबियम हरभऱ्यापेक्षा जास्त क्षार सोसतात. घोडं अडतं ते मुळापाशी. मूळ एक द्रव्य सोडतं, जिवाणू त्याला आपल्या द्रव्यानं उत्तर देतो, मग पांढऱ्या मुळीवरचा बारीक केस आकड्यासारखा वळतो आणि जिवाणू त्यातून आत शिरतो. क्षारात हे केसच कमी फुटतात, फुटले तरी नीट वळत नाहीत. पाहुणा उंबऱ्यात उभा, पण दार उघडायला घरात कुणी नाही! अशा वेळी आणखी पाहुणे बोलावून काय होणार?

ज्या थोड्या गाठी धरतात त्याही उपाशी राहतात. नत्र बांधायला लागणारी साखर पानांकडून येते. क्षारामुळे झाडाला पाणी ओढता येत नाही, पानांची छिद्रं मिटतात, साखर घटते. गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी असली तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असली तर नाही. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं ढेकळासकट काढा आणि पाण्यात धुवा.

पिवळेपणाचं कारणही आधी ओळखा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. पानांच्या कडा करपल्या तर क्षार. आणि पेरताना युरिया जास्त पडला असेल तरी गाठी धरत नाहीत, ते आठवून बघा.

यंदापुरती दोन टक्के युरियाची फवारणी करा, म्हणजे दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम. पीक थोडं सावरेल.

खरा इलाज मातीचा. विद्युतवाहकता, म्हणजे मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचं माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात, हरभरा त्याच्या आतच कुरकुरतो. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण. जिप्सम चोपणलाच लागतं. नुसत्या क्षारयुक्त रानाला चर किंवा सच्छिद्र पाइपानं निचरा काढून चांगल्या पाण्यानं क्षार धुवावे लागतात. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं रान अजून तसंच पांढरं आहे.

पुढच्या पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्याला मातीत गाडा. त्याला क्षारातही गाठी धरतात. त्यानंतर हरभरा घेतलात तर सरीच्या बगलेला टोकणा, माथ्यावर नको, क्षार माथ्यावरच चढतात.

माती तपासून आणली की सामू आणि विद्युतवाहकतेचे आकडे इथे टाका, मग जिप्समचं बोलू.